कामासाठी पुण्यात, पुढे दोन दिवस सुटी : उतरायचं कुठे?

पावसाळा सरत आला की पुण्यात प्रशिक्षणं, ऑडिट, प्रदर्शनं आणि कंपन्यांच्या भेटीगाठी यांची गर्दी होते. आमच्याकडेही तेव्हा एकाच सुराची पत्रं येऊ लागतात : काम तीन-चार दिवसांचं, मग दोन दिवस फिरायचंय, खोली कुठे घेऊ? त्यातल्या काही प्रश्नांची ही उत्तरं. हॉटेलांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, कारण मालक आणि दर बदलत राहतात. रस्ते आणि गर्दीच्या वेळा मात्र सहसा तशाच राहतात.

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये सोमवार ते शुक्रवार हिंजवडी फेज तीनमध्ये प्रशिक्षण आहे, सकाळी साडेनऊला हजर व्हायचं. शनिवार-रविवार पुणे पाहायचा बेत आहे. मैत्रीण म्हणते, डेक्कनला खोली घे, सगळं जवळ पडतं. घेऊ का?
*— एक वाचक, नागपूर*

शनिवार-रविवारसाठी घ्या, आठवड्यासाठी नको. डेक्कन ते फेज तीन अंतर वीस किलोमीटरहून थोडं जास्त आहे. रविवारी सकाळी ते पाऊण तासात कापता येतं. मंगळवारी सकाळी त्याच रस्त्याला दीड तास धरा, आणि परतीचा पाऊस आला तर त्याहूनही जास्त. सकाळी अख्खं शहर हिंजवडीच्या दिशेने निघतं आणि संध्याकाळी तिथून परत फिरतं. डेक्कनला राहिलात तर दोन्ही वेळा तुम्ही गर्दीच्या बरोबरीने जाता. त्यात महामार्गावरून आत शिरायला वाकड आणि भूमकर चौक अशी मोजकीच तोंडं आहेत आणि फेज तीन सगळ्यात आत आहे. म्हणजे फेज एक आणि दोनला जाणाऱ्यांची कोंडीही तुम्हालाच पार करायची.

म्हणून मुक्कामाचे दोन भाग करा. रविवारी रात्रीपासून शुक्रवारपर्यंत फेज दोन किंवा तीनमध्येच राहा, शक्यतो कार्यालयापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर. हॉटेलच्या जाहिरातीत ‘हिंजवडी’ लिहिलं म्हणजे ते हिंजवडीत असतंच असं नाही. वाकड, ताथवडे, पुनावळे, मारुंजी, सगळ्यांना तेच नाव लावतात. नकाशावर खूण पाहा आणि फोन करून एकच विचारा : महामार्गाच्या वाकडकडच्या बाजूला की हिंजवडीकडच्या? वाकडकडचं असेल तर रोज सकाळी ती कोंडी तुमच्या वाट्याला येणार. शिवाय फेज एक ते फेज तीन हेच पाच-सहा किलोमीटर आहे. ‘आयटी पार्कपासून दोन मिनिटं’ असं लिहिलेलं असेल तर कोणत्या फेजपासून, तेही विचारा.

कोणत्याही हॉटेलचं खरं अंतर काढायची एक रीत आहे. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये हॉटेल ते कार्यालय मार्ग लावा, ‘आत्ता निघा’ काढून टाका आणि पोहोचण्याची वेळ मंगळवार किंवा बुधवार सकाळी सव्वानऊ अशी द्या. अ‍ॅप एक आकडा न देता ‘५० मिनिटं ते दीड तास’ असा पल्ला दाखवतं. त्यातला मोठा आकडा धरायचा. मग परतीचा मार्ग संध्याकाळी साडेसहाचा लावून पाहा. रविवारी दुपारी घरी बसून ‘आत्ता’चा वेळ पाहून आरक्षण केलं की हमखास फसगत होते.

हिंजवडीत संध्याकाळी करण्यासारखं फारसं काही नाही, हे खरं. पाच रात्री तेवढं सोसावं असं आमचं मत. कंपनी दोन हॉटेलांची बिलं मानत नसेल तर बाणेर-बालेवाडी हा मधला मार्ग आहे. तिथे जेवायला भरपूर ठिकाणं आहेत आणि म्हाळुंगेमार्गे फेज तीनकडे जाता येतं, पण आठच्या आत निघायची तयारी ठेवा. शिवाजीनगर–हिंजवडी ही मेट्रोची तिसरी मार्गिका बालेवाडी-बाणेरवरूनच जाते. तुमच्या तारखांना ती कुठून कुठपर्यंत धावते हे मेट्रोच्या अ‍ॅपवर पाहिल्याशिवाय खोली पक्की करू नका. कार्यालयाजवळचं स्थानक चालू असेल तर वरचा निम्मा सल्ला बदलतो.

शुक्रवारी साडेपाचला बॅगा घेऊन निघू नका. तिथेच जेवा आणि नऊच्या सुमारास निघा, किंवा सरळ शनिवारी सकाळी. दुसऱ्या मुक्कामासाठी डेक्कन, आपटे रस्ता, जंगली महाराज रस्ता आणि शिवाजीनगर हा पट्टा उत्तम. वनाज–रामवाडी मार्गिकेवरची डेक्कन जिमखाना आणि छत्रपती संभाजी उद्यान ही स्थानकं चालत जाण्यासारखी आहेत. सिव्हिल कोर्टला गाडी बदलली की स्वारगेटच्या मार्गिकेवर कसबा पेठ (शनिवारवाड्यासाठी), मंडई (तुळशीबागेसाठी) आणि स्वारगेट. पाताळेश्वर लेणं जंगली महाराज रस्त्यावरच आहे. आगाखान पॅलेससाठी रामवाडीकडची गाडी पकडायची. या पट्ट्यात राहिलात तर दोन दिवस टॅक्सी लागणार नाही.

नागपूरहून खासगी बसने येणार असाल तर एक लक्षात ठेवा. या बस नगर रस्त्याने शहरात शिरतात आणि वाघोली, खराडी, विमाननगर असं करत पुढे जातात. हिंजवडी शहराच्या नेमक्या दुसऱ्या टोकाला आहे. तिकीट काढताना शेवटचा थांबा विचारा. वाकडपर्यंत जाणारी बस मिळाली तर पहाटेचं टॅक्सीचं मोठं भाडं वाचेल.

प्रश्न : आमचं छोटं वर्कशॉप आहे. एक दिवस चाकणला आणि एक दिवस रांजणगावला ग्राहकांकडे जायचंय. गाडी स्वतःची. पत्नी बरोबर येणार, तिला लक्ष्मी रोडवर दिवाळीची खरेदी करायची आहे आणि आम्हा दोघांना एखादं नाटक पाहायचंय. दोन्ही एमआयडीसींना मध्यवर्ती म्हणून शिवाजीनगर धरलंय.
*— एक वाचक, नाशिक*

नकाशावर मध्यवर्ती आहे, पण तुमच्या कामाला नाही. नाशिकहून येताना चाकण पुण्याच्या आधी लागतं, त्यामुळे चाकणचं काम येत्या वाटेवरच उरका. नाशिकहून पहाटे निघून अकराची भेट ठेवा आणि काम झाल्यावर पुण्यात शिरा. चाकणचा तळेगाव चौक आणि आंबेठाण चौक इथे अवजड वाहनांची रांग लागते. भेटीच्या वेळेत चौकासाठी अर्धा तास जास्त धरा.

चाकणहून शिक्रापूरला थेट रस्ता आहे आणि शिक्रापूर ते रांजणगाव नगर रस्त्यानेच जायचं. दोन्ही भेटी एकाच दिवशी बसवता आल्या तर पुण्यात शिरण्याआधीच काम संपेल. ते जमणार नसेल तर मुक्काम खराडी किंवा विमाननगरला करा. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातच्या आत वाघोली ओलांडली तर रांजणगाव सोपं आहे. शिवाजीनगरहून निघालात तर येरवड्यापासून वाघोलीपर्यंतचा सगळा नगर रस्ता आधी पार करावा लागेल.

पत्नीचीही सोय होते. विमाननगरहून रामवाडी स्थानक रिक्षाने जवळ आहे. तिथून सिव्हिल कोर्ट, गाडी बदलून मंडई, आणि वर आलं की तुळशीबाग आणि लक्ष्मी रोड पायी. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात त्या भागात गाडी नेणं म्हणजे पार्किंग शोधण्यात दिवस घालवणं. खरेदी सकाळी अकरा ते एक या वेळात करा. संध्याकाळी पाचनंतर तिथे पाऊल ठेवायला जागा नसते. नाटकासाठी बालगंधर्व रंगमंदिर संभाजी उद्यान स्थानकाच्या अगदी जवळ आहे आणि ते रामवाडीच्याच मार्गिकेवर येतं, गाडी बदलावी लागत नाही. रात्री साडेनऊचा प्रयोग असेल तर तो सुटेपर्यंत मेट्रो बंद झालेली असते. परतीच्या रिक्षाची सोय आधी करा किंवा दुपारचा प्रयोग निवडा. कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात प्रयोग असेल तर विमाननगर सोयीचं नाही.

प्रश्न : मी घरून काम करते. अमेरिका आणि इंग्लंडचे क्लायंट आहेत. ऑक्टोबरच्या शेवटी दोन आठवडे पुण्यात फ्लॅट घेऊन काम आणि भटकंती दोन्ही करायचा विचार आहे. फोटो सगळेच छान दिसतात. काय विचारून घ्यावं?
*— एक वाचक, मुंबई*

आधी तुमच्या कामाची घड्याळं पाहा, कारण या दोन आठवड्यांत ती हलणार आहेत. ब्रिटनचं घड्याळ ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जातं आणि अमेरिकेचं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. लंडनची सकाळी नऊची मीटिंग तुमच्याकडे दुपारी दीडला असते, ती अडीचला जाईल. न्यूयॉर्कची नऊची साडेसहाला असते, ती साडेसातला. कॅलिफोर्नियाची नऊची रात्री साडेनऊवरून साडेदहाला. मधल्या आठवड्यात लंडन सरकलेलं असतं, अमेरिका नाही. म्हणजे तुमची संध्याकाळ आणि रात्र कामात जाणार आणि सकाळ मोकळी राहणार. तुम्हाला हवी ती जागा रात्री शांत असलेली आणि सकाळी टेकडीवर किंवा पेठेत चटकन जाता येईल अशी. वेताळ टेकडीच्या आसपासचा कोथरूड, लॉ कॉलेज रस्ता, पौड रस्ता हा भाग त्या दृष्टीने चांगला आहे. वनाज, आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळ स्टॉप अशी मेट्रो स्थानकंही जवळ आहेत.

शांततेबद्दल फोटो काही सांगत नाहीत, नकाशा सांगतो. खोलीच्या आसपास ‘लॉन्स’, ‘मंगल कार्यालय’ किंवा मोठं मैदान आहे का ते शोधा. म्हात्रे पुलापासून राजाराम पुलाकडे जाणाऱ्या डीपी रस्त्यावर लॉन्सची रांगच आहे. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू झाली की तिथल्या वराती रस्त्यावर येतात, आणि त्याआधी नवरात्रात दांडिया असतो. ध्वनिक्षेपकाला रात्री दहापर्यंतच परवानगी आहे, पण वर्षात पंधरापर्यंत दिवस सरकार ती बारापर्यंत वाढवू शकतं आणि नवरात्रातले काही दिवस त्यात असतात. दरवाजे-खिडक्या बंद करून काम करायचं म्हटलं तर ऑक्टोबरच्या उकाड्यात एसी लागतो, आणि एसी म्हटला की विजेचा प्रश्न आलाच.

विजेबद्दल ‘बॅकअप आहे का?’ असं विचारू नका, उत्तर ‘हो’च येतं. असं विचारा : इन्व्हर्टर आहे की जनरेटर? त्यावर काय काय चालतं? राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का? पुष्कळ घरांत इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात, पण राउटर टीव्हीच्या मागच्या सॉकेटला लावलेला असतो आणि त्या सॉकेटला बॅकअप नसतो. वीज जाते, पंखा फिरत राहतो आणि तुमची मीटिंग मात्र तुटते. पुण्यात वीज दुरुस्तीची कामं बहुतेक गुरुवारी काढतात आणि महापालिकाही पाणीपुरवठ्याच्या दुरुस्तीसाठी गुरुवारच धरते. पाणी बंद असलं तर शुक्रवारी सकाळीही ते उशिरा आणि कमी दाबाने येतं. इमारतीला स्वतःची टाकी किती मोठी आहे हे आधी विचारा. महत्त्वाची सादरीकरणं गुरुवारी दुपारी ठेवू नका.

इंटरनेटसाठी मालकाकडून स्पीड टेस्टचा फोटो मागवा, पण अटी घालून : ज्या खोलीत बसणार त्या खोलीतून, दार लावून, रात्री नऊला घेतलेला. डाउनलोडपेक्षा अपलोडचा आकडा पाहा. व्हिडिओ कॉलला सातत्याने चार-पाच एमबीपीएस अपलोड मिळालं तरी पुरतं, पण सातत्याने हवं. तुमच्या मोबाइलच्या कंपनीचं नेटवर्क त्या खोलीत येतं का तेही विचारा. तुमच्या फोनचं हॉटस्पॉट हा शेवटचा आधार आहे.

खोली कितव्या मजल्यावर आहे हे या ऋतूत फार महत्त्वाचं. गच्चीच्या लगेच खालचा मजला नको. ऑक्टोबरमध्ये दिवसभर तापलेला स्लॅब ती उष्णता रात्री खाली सोडत राहतो, आणि तुम्ही नेमकं तेव्हाच काम करत असता. तळमजलाही टाळा. पावसाळ्यात बंद राहिलेल्या तळमजल्याच्या खोल्यांना कुबट वास असतो. कपाटाच्या मागची भिंत आणि गादीची खालची बाजू पाहिली की ओल कळते. पावसानंतर डेंगीचे दिवस असतात आणि तो डास दिवसा चावतो. खिडक्यांना जाळी आहे का, आणि ती सरकवल्यावर पूर्ण बंद होते का, याचा व्हिडिओ मागा. गरम पाणी सोलरचं असेल तर ढगाळ दिवशी काय सोय आहे तेही विचारा. अनेक इमारतींत सोलरचं पाणी सकाळी ठरावीक तासच सोडतात.

सगळं पटलं तरी एक प्रश्न राहतोच : सोसायटीला हे माहीत आहे का? बऱ्याच सोसायट्या चार-आठ दिवसांच्या पाहुण्यांना फ्लॅट देऊ देत नाहीत. मालक म्हणाला, ‘गेटवर नातेवाईक आहे म्हणून सांगा,’ तर तो फ्लॅट सोडून द्या. कारण रात्री अकराला बॅगा घेऊन सुरक्षारक्षकाशी वाद घालायला मालक येत नाही. परवानगी असेल तर तो तुमचं नाव गेटच्या अ‍ॅपवर आधीच टाकून ठेवतो.

दोन आठवड्यांचे पैसे एकदम देऊ नका. दोन रात्रींचं आरक्षण करा आणि पहिल्या रात्री सगळं तपासून उरलेलं वाढवा. अशा मुक्कामाला आठवड्याच्या दरावर सूट मिळते, पण ती आपण मागावी लागते.

प्रश्न : शिवाजीनगरला दोन दिवसांची परिषद आहे. आई (वय ७६) बरोबर येणार. तिला दगडूशेठ, सारसबाग आणि पर्वती करायची आहे. पेठेतलाच एखादा लॉज बरा ना?
*— एक वाचक, कोल्हापूर*

पेठेतले लॉज स्वस्त असतात आणि देवळं जवळ, पण आईंसाठी नको. जुन्या इमारतींत लिफ्ट असली तरी ती बऱ्याचदा पाच-सहा पायऱ्या चढल्यावर सुरू होते. फोनवर ‘लिफ्ट आहे’ एवढंच सांगतात. रस्त्यापासून लिफ्टच्या दारापर्यंत पायऱ्या किती, असं विचारा. बाथरूम पाश्चात्त्य पद्धतीचं आहे का आणि उंबऱ्याला किती चढ आहे, हेही. रात्री वयस्कर माणसं पडतात ती तिथेच. गाडी घेऊन येणार असाल तर पेठेत ती लावायलाही जागा नाही.

परिषद शिवाजीनगरला आहे तर तिथेच किंवा आपटे रस्त्याला उतरा. दगडूशेठला सकाळी आठच्या आत रिक्षाने न्या. सारसबाग सपाट आहे, पण चालणं बरंच आहे, म्हणून ती सकाळीच किंवा ऊन उतरल्यावर. पर्वतीला शंभरावर पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर सारसबागेतून पर्वतीकडे पाहून हात जोडलेले बरे.

प्रश्न : कंपनीचं अकाउंट्स खातं हॉटेलच्या बिलावर जीएसटी नंबर मागतं, आणि नंतर म्हणतं क्रेडिट मिळत नाही. नेमकं कसं? पुढच्या दोन रात्री मी स्वतःच्या खर्चाने राहणार आहे.
*— एक वाचक, सोलापूर*

२२ सप्टेंबर २०२५ पासून एका दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावर हॉटेलला इनपुट क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. ही बंदी हॉटेलवर आहे, तुमच्या कंपनीवर नाही. ७,५०० च्या वर १८ टक्के, क्रेडिटसह. ३,२०० ची खोली ३,३६० ला पडते.

त्यात एक गंमत आहे. ७,५०० ची खोली करासह ७,८७५ ला पडते. ७,६०० ची ८,९६८ ला. स्वतःच्या खिशातून देणाऱ्याला शंभर रुपयांच्या फरकाचे हजारावर रुपये मोजावे लागतात. क्रेडिट घेऊ शकणाऱ्या कंपनीला मात्र १,३६८ परत मिळतात. पण क्रेडिटला एक अट आहे. हॉटेलचा कर हॉटेल ज्या राज्यात आहे त्या राज्याचा लागतो. सोलापूरच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या नोंदणीला तो चालतो. फक्त बंगळुरूला नोंदणी असलेल्या कंपनीला पुण्याच्या हॉटेलचं क्रेडिट घेता येत नाही.

नंबर आरक्षण करतानाच द्या. अ‍ॅपवरून खोली घेतलीत तर अ‍ॅपची पावती म्हणजे हॉटेलचं बिल नव्हे. निघताना काउंटरवर कंपनीचं नाव आणि नंबर असलेलं हॉटेलचं बिल मागून घ्या. महिन्याभराने मेलवर मागितलं तर मिळायला त्रास होतो. कामाच्या आणि स्वतःच्या रात्रींची आरक्षणं वेगवेगळी करा, हॉटेल तेच असलं तरी. घरचं माणूस बरोबर असेल तर दुसऱ्या व्यक्तीचा जादा आकार आणि जेवण स्वतःच्या बिलावर घ्या. एकत्र बिल फोडून मागितलं की अकाउंट्सवाले सगळंच अडकवून ठेवतात.

प्रश्न : एकटी येणार आहे. गाडी पहाटे पाचला पुणे स्टेशनला पोहोचते, हॉटेलचं चेक-इन दुपारी दोनला. मधल्या वेळाचं काय करायचं?
*— एक वाचक, अकोला*

सकाळी लगेच कामावर जायचं असेल तर आदल्या रात्रीपासूनच खोली घ्या आणि ‘पहाटे साडेपाचला येणार’ असं लेखी कळवा. नाहीतर रात्री बारानंतर ‘आला नाहीत’ म्हणून खोली दुसऱ्याला देतात. खर्च नको असेल तर रेल्वेची रिटायरिंग रूम आहे. पक्क्या तिकिटाच्या पीएनआरवर ती ऑनलाइन घेता येते, काही तासांसाठीही मिळते. ऐन सणात तिची वाट पाहू नका. जुन्या धाटणीच्या काही लॉजमध्ये चोवीस तासांचं चेक-आउट असतं. पाचला आलात तर दुसऱ्या दिवशी पाचपर्यंत खोली तुमची.

ओळखपत्र मूळ ठेवा. पॅनकार्डावर पत्ता नसल्याने ते बऱ्याच ठिकाणी चालत नाही. आधारची प्रत द्यायची तर पहिले आठ आकडे झाकलेली ‘मास्क्ड’ प्रत द्या. तुमच्या आधारवर अजून पुण्याचाच जुना पत्ता असेल तर आधी फोन करून घ्या. स्थानिक पत्ता दिसला की काही हॉटेलं खोली नाकारतात आणि ते पहाटे काउंटरवर कळणं वाईट.

हॉटेलचा फोन नंबर शोधयंत्रात वर दिसला म्हणून लावू नका. खोटे नंबर टाकून क्यूआर कोडवर आगाऊ पैसे मागणारे असतात. हॉटेलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा नंबर घ्या आणि फसगत झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.

प्रश्न : कामानंतरच्या शनिवार-रविवारी शहराबाहेर जावं का? कास आणि भिगवण मनात आहे. तारीख ऑक्टोबरचा शेवट.
*— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर*

दोन्ही चुकीच्या वेळी निवडलंत. कासच्या पठारावरचा फुलांचा बहर ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतो. शेवटी गेलात तर वाळकं गवत दिसेल. भिगवणला उजनी धरणाचं पाणी पावसाळ्यानंतर काठोकाठ असतं, आणि फ्लेमिंगोंना लागतो तो उथळ चिखल. ते हिवाळ्यात पाणी ओसरल्यावर येतात, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारी धरा.

ऑक्टोबरच्या शेवटी गड आणि लेणी उत्तम. शिवाजीनगर किंवा चिंचवडला मुक्काम असेल तर लोणावळ्याची लोकल पकडून मळवलीला उतरा. भाजे लेणी तिथून पायी गाठता येतात, आणि दम असेल तर पुढे लोहगड. दुपारी लोकल विरळ असतात, परतीची वेळ आधीच पाहून ठेवा. सिंहगडासाठी स्वारगेटजवळ राहणं बरं. तिथून पायथ्यापर्यंत पीएमपीची बस आहे आणि आतकरवाडीची पायवाट सकाळी सहाला सुरू केली तर ऊन चढायच्या आत वर पोहोचता. रविवारी गाडीने घाटात जाऊ नका. दहानंतर खाली येणाऱ्या आणि वर जाणाऱ्या गाड्या एकमेकींना अडवून उभ्या असतात.

प्रश्न : काम नेमकं दिवाळीला लागून आलंय. दर फार चढलेले असतील का?
*— एक वाचक, बेळगाव*

पुण्यात उलटं असतं. खराडी, हिंजवडी, मगरपट्टा इथली हॉटेलं नोकरदारांच्या जिवावर चालतात. सोमवार ते गुरुवार दर वर आणि शनिवार-रविवारी खाली, हे त्यांचं नेहमीचं गणित. दिवाळीत कार्यालयं बंद असल्याने दर आणखी उतरतात, फोन करून घासाघीस करायला हरकत नाही. महागतात ते लोणावळा आणि महाबळेश्वर. दिवाळीचे चार दिवस छोट्या खानावळी आणि मेस मात्र बंद असतात. म्हणून ज्या हॉटेलचं स्वयंपाकघर सुरू राहणार आहे तेच घ्या आणि ‘पाडव्याला जेवण मिळेल का?’ असं नेमकं विचारा. दिवाळी पहाटच्या मैफली ऐकायच्या असतील तर मुक्काम डेक्कन किंवा स्वारगेटच्या बाजूला हवा. त्या पहाटे पाच-साडेपाचला सुरू होतात, आणि तेव्हा मेट्रो सुरू झालेली नसते.